गाविलगडाच्या पायथ्याचा प्रश्न

१४ एप्रिल १९५४ रोजी मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा गाविलगडाच्या पायथ्याचे अचलपूर मध्य प्रदेशात होते. नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती, वऱ्हाडाचे जिल्हे त्यात मोडत होते आणि ते मुंबई राज्यात आले १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणून धर्मांतर, मिशन आणि राष्ट्र यांच्याबद्दलचा स्वतंत्र भारतातला पहिला मोठा सरकारी वाद वऱ्हाडाच्या अंगणातच झाला. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी या समितीचे अध्यक्ष होते. समितीने जे विचारले त्याचा गाभा एका वाक्यात मावतो : गरिबाला औषध, शाळा आणि कर्ज देणारा हात त्याच्या श्रद्धेलाही हात घालतो का? पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत कॅथलिक चर्चने इतर धर्मांशी बोलण्याची नवी भाषा घडवली. तिचा इतिहास बहुधा रोमपासून सुरू करून सांगितला जातो : परिषद भरली, कागद निघाले आणि ते खाली झिरपले. हा क्रम अपुरा आहे असे माझे म्हणणे आहे. त्या भाषेतला सर्वांत कणखर भाग संशयाला दिलेल्या उत्तराचा आहे, आणि तो संशय जिथे सर्वांत ठामपणे मांडला गेला अशा मुलखांपैकी एक आपला आहे. १९५६ चे नागपूर आणि १९७१ चे नागपूर समोरासमोर ठेवल्याशिवाय ही गोष्ट नीट कळत नाही.

अचलपूरला परधर्मीयांसोबत राहणे मिशनऱ्यांनी शिकवले नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. वऱ्हाडच्या इमादशाहीची ही राजधानी. तिच्या आधीपासून ‘अळजपूर’ या नावाने ती महानुभाव पंथाच्या स्मृतीत आहे, आणि गोविंदप्रभूंचे रिद्धपूर इथून दूर नाही. परतवाड्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत मुक्तागिरीची जैन मंदिरे आहेत. गावात दुल्हा रहमान शाह यांचा दर्गा आहे. आख्यायिका अशी, की हा गझनीच्या महमूदाचा भाचा, लग्नाच्या बोहल्यावरून उठून रणात आला आणि एल राजाशी लढताना पडला. नवरदेवाच्या वेशात गेला म्हणून दुल्हा. याच एल राजाला जैन परंपरा मात्र शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचा भक्त म्हणून आदराने ओळखते. या कथांना कागदोपत्री इतिहासाचा आधार किती, हा वेगळा विषय. लक्षात घ्यायचे ते हे, की एकाच राजाच्या दोन परस्परविरोधी आठवणी एकाच मुलखाने शतकानुशतके सांभाळल्या. येथील सहजीवन भांडणाच्या आठवणीसकट आहे. ते गोडीगुलाबीचे होते असे म्हणणे त्याचा अपमान करणे होईल, कारण मग ते टिकवायला माणसांना जे कष्ट पडले त्यांची किंमत शून्य ठरते.

या मुलखात कॅथलिक धर्मगुरू आले ते फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवरच्या सॅव्हॉय प्रांतातून. आनसी येथे १८३८ मध्ये पीटर मारी मर्मिए यांनी संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ स्थापला. त्याची पहिली तुकडी १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरली आणि नागपूर-कामठीचा मुलूख तिच्या वाट्याला आला. सुरुवातीचे काम बरेचसे छावण्यांतले होते, सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांचे. १८८७ मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मेळघाटात चिखलदऱ्याजवळ मरियमपूरला कोरकूंमध्ये मिशन उभे राहिले. कॅथलिकच आले असेही नाही. एलिचपुरात, म्हणजे अचलपुरातच, केंद्र असलेले प्रॉटेस्टंटांचे ‘कोरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ होते, आणि त्यातल्या जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये कोरकू भाषेचे व्याकरण छापले. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठी आणि हिंदीच्या मध्ये राहूनही दोन्हींहून निराळी. तिचे व्याकरण परक्या माणसाने लिहावे आणि शेजारच्या मराठी शहराला ती भाषा आहे याचेही भान नसावे, हे आपल्याला लाजवणारे आहे. पण त्याच वेळी हेही खरे, की व्याकरण, दवाखाना आणि शाळा हे सगळे एका उद्दिष्टासाठी होते. ते उद्दिष्ट मिशनऱ्यांनी लपवले नव्हते. धर्मप्रसार हेच ते उद्दिष्ट होते.

नियोगी समितीने १४ जिल्ह्यांचा दौरा केला, ७७ ठिकाणी बैठका घेतल्या आणि अकरा हजारांहून अधिक लोकांशी संपर्क साधला. सदस्यांत गांधीविचाराचे एक ख्रिस्ती प्राध्यापकही होते, एस. के. जॉर्ज. १९५६ मध्ये दोन खंडांत अहवाल निघाला. त्यातले बरेच आज वाचताना खटकते. ख्रिस्ती होणाऱ्याची देशनिष्ठाच संशयास्पद ठरते असा सूर त्यात आहे, आणि परदेशी पैसा आणि परदेशी राजकारण यांचा धागा तो जिथे-तिथे शोधतो. धर्मांतर हेच ज्यांचे मुख्य काम आहे अशा मिशनऱ्यांना परत पाठवावे, आणि वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर करण्यास कायद्याने बंदी घालावी, अशा शिफारशी त्याने केल्या. कॅथलिकांनी सुरुवातीनंतर समितीशी असहकार केला आणि प्रकरण उच्च न्यायालयात नेले. तिथे त्यांना यश आले नाही. याच चौकशीच्या मध्यावर, ८ मे १९५५ रोजी, रोमने अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत केला. जोसेफ रोझारिओ त्याचे पहिले बिशप झाले आणि पुढची चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. अचलपूर-मेळघाटचे कॅथलिक तेव्हापासून अमरावतीकडे पाहू लागले. समिती त्यांच्याबद्दल प्रश्न विचारत फिरत होती त्या दिवसांत त्यांचे धर्मप्रांत म्हणून आयुष्य सुरू होत होते.

अहवाल पूर्वग्रहदूषित होता, म्हणून त्याने विचारलेला प्रश्नही खोटा ठरतो, असा युक्तिवाद ख्रिस्ती बाजूने अनेकदा होतो. मला तो पटत नाही. हेतू शंकास्पद असलेल्या माणसानेही खरा प्रश्न विचारलेला असू शकतो. दुष्काळात अनाथालय चालवणाऱ्याने मुलांना कोणत्या धर्मात वाढवावे? ज्याला दुसरा दवाखानाच नाही त्याच्या खाटेशेजारी प्रार्थना म्हणताना त्याची संमती किती मोकळी असते? हे प्रश्न नियोगींनी विचारले नसते तरी होतेच. आणि याचे सर्वांत भक्कम प्रमाण कॅथलिक चर्चच्याच कागदांत आहे.

दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. इतर धर्मांविषयीचे तिचे निवेदन ‘नोस्त्रा एताते’ २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर झाले. हिंदू, बौद्ध, मुस्लीम आणि यहुदी परंपरांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही, हे त्याचे सार. लोक याच कागदाची आठवण काढतात. वऱ्हाडाच्या दृष्टीने मात्र ७ डिसेंबर १९६५ चे दोन कागद अधिक महत्त्वाचे आहेत. ‘दिग्नितातिस ह्युमाने’ हा धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा. त्यात राज्यसंस्थेने कोणावर श्रद्धेची सक्ती करू नये असे सांगून झाल्यावर चर्च स्वतःलाही आणि प्रत्येक धर्मसमूहालाही मर्यादा घालून घेते : श्रद्धेचा प्रसार करताना बळजबरीचा वास येईल किंवा अप्रामाणिक मनधरणी ठरेल असे काहीही करू नये, विशेषतः गरीब किंवा अशिक्षित माणसांच्या बाबतीत. मिशनकार्यावरचा ‘अद जेन्तेस’ हा आदेशही सक्ती आणि आमिष यांना स्पष्ट मनाई करतो. ‘गरीब किंवा अशिक्षित’ या शब्दांपाशी थांबले पाहिजे. नागपूरचा अहवाल आणि रोमचा जाहीरनामा यांची गृहीते, भाषा आणि हेतू पूर्णपणे वेगळे आहेत. एकाला मिशन थांबवायचे आहे, दुसऱ्याला ते स्वच्छ करायचे आहे. तरी या एका ठिकाणी दोघांची बोटे एकाच जखमेवर पडतात.

यावर जाणकार विचारील, की परिषदेतल्या त्या ओळी भारतामुळे लिहिल्या गेल्या याला पुरावा काय? सरळ कार्यकारण मी सांगत नाही. धर्मस्वातंत्र्याच्या मसुद्यामागे अमेरिकन धर्मपंडितांचा आणि साम्यवादी राजवटींखालच्या चर्चच्या अनुभवाचा मोठा वाटा होता, हे सर्वमान्य आहे. परंतु परिषद म्हणजे जगभरातून आलेली माणसेच होती. नियोगी समितीच्या काळात नागपूरचे आर्चबिशप असलेले युजीन डिसूझा १९६३ मध्ये भोपाळला गेले आणि तिथले आर्चबिशप म्हणून परिषदेत बसले. पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात शिकवणारे ऑस्ट्रियन जेझुइट जोसेफ नॉयनर परिषदेचे तज्ज्ञ सल्लागार होते. परिषद चालू असतानाच, १९६४ च्या डिसेंबरात, पोप पॉल सहावे मुंबईला आले. पोपने भारतात पाऊल ठेवण्याची ती पहिलीच वेळ. ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. त्याआधीच्या आठवड्यात मुंबईत ‘ख्रिस्ती प्रकटीकरण आणि जगातील धर्म’ या विषयावर धर्मपंडितांची परिषद झाली होती, आणि तिचे निबंध नॉयनर यांनीच संपादित केले. भारतातला हा अनुभव रोमला गेलेल्या माणसांच्या सामानात नव्हता, असे मानायला अधिक धाडस लागेल.

समितीच्याच काळात नागपुरात आणखी एक गोष्ट घडली होती, आणि तिने समितीच्या तसेच पुढे परिषदेच्याही एका गृहीतकाला धक्का दिला. अहवाल निघाला त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यात वऱ्हाडातली खेडीच्या खेडी होती. ही माणसे गरीब होती, पुष्कळशी अक्षरओळख नसलेली होती. त्यांना कोणी दवाखाना दिला नव्हता की कर्ज दिले नव्हते. १९३५ मध्ये येवल्यात झालेल्या धर्मांतराच्या घोषणेनंतर एकवीस वर्षे विचार करून एका नेत्याने निवडलेला रस्ता त्यांनी आपला म्हणून निवडला. गरिबाचे धर्मांतर म्हणजे आमिषच, हे सूत्र त्या दिवशी खोटे ठरले. गरिबाला जपले पाहिजे हे खरे, पण जपण्याच्या नावाखाली त्याचा निवडण्याचा हक्कच काढून घेतला जाऊ शकतो, हेही तितकेच खरे. पुढे कायद्यात नेमके हेच झाले. १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्य अधिनियम केला. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. वऱ्हाड तोवर महाराष्ट्रात आल्यामुळे गाविलगडाच्या डोंगररांगेच्या अलीकडे तो कायदा नव्हता आणि पलीकडे बैतुलात होता. दोन्हीकडे राहणारे कोरकू एकच. त्यांच्या विवेकाची किंमत राज्याच्या हद्दीप्रमाणे बदलावी, हे कुठल्याच तर्कात बसत नाही.

आता १९७१. ६ ते १२ ऑक्टोबर या आठवड्यात नागपुरात आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र परिषद भरली. सुवार्ताप्रसार, संवाद आणि विकास असे तिचे तीन विषय. हे तीन शब्द एकत्र आले, यातच बरेच काही आहे, कारण समितीचा सगळा संशय या तिघांच्या नात्यावर होता : विकास हे प्रसाराचे साधन, आणि संवाद हा त्याचा मुखवटा. परिषदेच्या घोषणापत्राने अशी भूमिका घेतली, की ज्याला लोक वेगवेगळ्या नावांनी हाक मारतात आणि कोणतेच नाव ज्याला पुरे पडत नाही असे एक अनिर्वचनीय गूढ सर्व लोकांत कार्यरत आहे. वेगवेगळ्या परंपरांचे धर्मग्रंथ आणि विधी हे कमी-अधिक प्रमाणात ईश्वरी प्रकटीकरणाचे आविष्कार असू शकतात आणि तारणाला साहाय्यक ठरू शकतात. संवाद हा स्वतःच चांगला आहे, कारण त्यातून माणसे एकमेकांना घडवतात. हे शेवटचे विधान मला सगळ्यांत वजनदार वाटते. संवाद जर स्वतःच चांगला असेल, तर तो धर्मांतरावर मोजायचा नाही. समोरचा शेवटपर्यंत हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध राहिला तरी संवाद वाया गेला नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्याच शहरात छापलेल्या आरोपाला याहून थेट उत्तर मला दिसत नाही, जरी ते देणाऱ्यांना अहवालाचे नाव घेण्याची गरज नव्हती.

तरी घोषणापत्राने आपला दावा सोडलेला नाही. ते गूढ नाझरेथच्या येशूमध्ये निर्णायकपणे प्रकट झाले, हेही त्यात आहेच. यावर दोन दिशांनी हल्ला होतो. एक म्हणतो, ही सौम्य भाषेतली जुनीच श्रेष्ठता आहे. दुसऱ्याला आपल्याच घरात जागा देणे म्हणजे त्याचे घर नाकारणे. दुसरा, चर्चच्या आतला, म्हणतो की इतके मान्य केल्यावर मिशन कशासाठी? सन २००० मध्ये रोमने ‘दोमिनुस येसुस’ हा जाहीरनामा काढून या दुसऱ्या आक्षेपामागच्या भीतीला बळ दिले. पहिल्या आक्षेपाचे उत्तर अचलपूरच्या शेजारी शोधता येते. चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) अगदी तान्हेपणी अंध झाले आणि तरी त्यांनी प्रचंड ग्रंथरचना केली. डार्विन-स्पेन्सरना उत्तरे देणारा हा वऱ्हाडी संत सर्व धर्मांचा समन्वय मांडतो, पण तो वैदिक धर्माच्या छत्राखाली. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म त्या एकाच धर्माची अंगे म्हणून तिथे येतात. रचना तीच, केंद्र वेगळे. मग यातल्या एकाला उदार आणि दुसऱ्याला कावेबाज म्हणायचे का? ज्याला आपले सत्य खरोखर सत्य वाटते तो दुसऱ्याचा विचार तिथूनच करणार. दुसरी जागा त्याच्याकडे नसते. गुलाबराव महाराजांच्या दृष्टीत चर्च एक अंग आहे आणि चर्चच्या दृष्टीत वेद एक किरण आहे. दोघे एकमेकांना हे तोंडावर सांगू शकतात आणि तरी शेजारी राहू शकतात, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. सगळे धर्म एकच म्हणून मोकळे होणाऱ्याला समोरच्याचे ऐकण्याची गरजच उरत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीला सामुदायिक प्रार्थना बसवली, १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला ते गेले. त्यांची वाट मतांच्या मांडणीपेक्षा एकत्र बसण्याची होती. वऱ्हाडात या दोन्ही वाटा आधीच मळलेल्या होत्या.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जवळचा. लोक आपोआप नीट राहतात, मग हे घोषणापत्रांचे ओझे हवे कशाला? एप्रिल २०२२ मध्ये अचलपुरात दुल्हा दरवाजावर झेंडे लावण्यावरून दोन समाजांत दगडफेक झाली आणि गावात संचारबंदी लागली. नवरदेवाच्या नावाचा दरवाजा, आणि त्यावर भांडण. आपोआप काहीच टिकत नाही, हे तेव्हा दिसले. पण घोषणापत्र तरी त्या रात्री कोणाच्या कामाचे होते? रोमने १९८४ आणि १९९१ च्या दस्तऐवजांत संवादाचे चार प्रकार सांगितले : रोजच्या जगण्याचा, एकत्र कामाचा, शास्त्रचर्चेचा आणि आध्यात्मिक अनुभवाचा. अचलपूरसारख्या गावात पहिले दोनच खरे कामाचे आहेत, आणि मूठभर असलेल्या कॅथलिकांनाही तेच करता येतात. शास्त्रचर्चेचा उपयोग एवढाच, की रोजच्या जगण्यात सौजन्य दाखवणाऱ्याच्या मनात छुपा हेतू नाही, याची हमी त्याच्या धर्मसंस्थेने लेखी दिलेली असते. ती पाळली गेली नाही तर तिच्याच शब्दांवर बोट ठेवून जाब विचारता येतो. १९५६ मध्ये ही सोय नव्हती. तेव्हा जाब फक्त सरकारच विचारू शकत होते.

या हमीची खरी परीक्षा अचलपूरच्या पेठेत होत नाही. ती वर, मेळघाटात होते, कारण समितीचा प्रश्न मुळात डोंगरातल्या माणसाबद्दल होता. कोरकूंकडे उपनिषद नाही, कुराण नाही. मेलेल्या माणसासाठी सिडोलीचा विधी करायचा आणि चंद्र-सूर्य कोरलेला सागवानी मुंडा, म्हणजे स्मृतिस्तंभ, रोवायचा, हा त्यांचा धर्म. संवाद जर ग्रंथवाल्या धर्मांशीच होणार असेल तर कोरकू त्यातून आपोआप गळतो आणि पुन्हा ‘सेवा घेणारा’ एवढाच उरतो. म्हणून १९७१ च्या घोषणापत्रात ग्रंथांच्या जोडीला ‘विधी’ हा शब्द आहे, याला मी फार महत्त्व देतो. ती दिशा प्रत्यक्ष कामात दिसते स्टीफन फुक्स यांच्याकडे. हे ऑस्ट्रियन कॅथलिक धर्मगुरू आणि मानववंशशास्त्रज्ञ. निमाडचे बलाही, मंडलाचे गोंड यांच्यावर ग्रंथ लिहून झाल्यावर वयाच्या ऐंशीव्या वर्षी, १९८८ मध्ये, त्यांचा मध्य भारतातल्या कोरकूंवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका धर्मगुरूने कोरकूंचे देव, भुमका (पुजारी) आणि मृत्यूनंतरचे विधी समजून घेण्यासाठी नोंदवावेत, हा ड्रेक यांच्या व्याकरणापासूनचा मोठा पल्ला आहे. यात बोलणारा अजून बाहेरचाच आहे, हे मात्र खरे. कोरकू माणूस स्वतःच्या तोंडाने, ख्रिस्ती झालेला असो वा नसो, आपल्या मुंड्याचा अर्थ चर्चला आणि अचलपूरच्या आम्हा मराठी लोकांनाही सांगेल, आणि आम्ही त्याला काही न देता, काही न मागता ऐकू, ती परिषद अजून भरायची आहे.